लागणारं नाही

रुक्माअक्काच्या शेजारणीचा, सक्कूबाईंचा फोन आला तेव्हा मी पुण्यात मुलांचे डबे भरत होते. “रुक्माअक्का गेल्या. झोपेतच.” तमिळ हेल असलेला तो तंजावूरचा मराठी आवाज, आणि मग नुसती खरखर... मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

रुक्माअक्का माझी थोरली चुलतबहीण. राजवाड्यामागच्या गल्लीत एकटी राहायची, मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. लग्न केलं नाही. १९९० नंतर बाजारात चकचकीत खोट्या दागिन्यांची दुकानं निघाली, तेव्हा तिनं हौसेनं एक साखळी आणि स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ घेतलं. काही दिवसांतच मान आणि मनगट लाल झालं, खाजवून चिघळलं. दोन्ही काढून ठेवली तरी पुरळ हटेना. ब्लाउजचे हूक, सेफ्टी पिन, कुलपाची किल्ली... पुरळ उठायला काहीही पुरायचं. काहीतरी लागट रोग आहे, अशी गल्लीत कुजबुज सुरू झाली. शिकवणीच्या मुली एकेक करून यायच्या थांबल्या. तिच्या घरचं पाणीही कुणी घेईना.

शेवटी तिरुच्चीच्या एका डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासलं. निकेलची ॲलर्जी निघाली. अक्कानं लगेच फोन केला. “अगं, नाव सापडलं! एकाचं दुसऱ्याला लागणारं नाही म्हणाले. आता येतील बघ सगळ्या.”

त्या नवरात्रात मी तिच्याकडेच होते. हूक काढून कापडी बंद लावलेला ब्लाउज घालून ती दारोदार जाऊन कोलूच्या बाहुल्या बघायला यायचं बोलावणं करून आली, प्रत्येकीला डॉक्टरांचं म्हणणं सांगून आली. कोलूच्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या, प्रसादाला हरभऱ्याचं सुंडल केलं. सक्कूबाई तेवढ्या उंबऱ्यापर्यंत आल्या, बाहुल्यांना हात जोडले, “उपवास आहे” म्हणाल्या आणि परतल्या. बाकी कुणीच नाही. शेजारच्या घरांतून हसण्याचे आवाज येत होते. अक्का दाराकडे पाठ करून बसली. “खा गं, गार होतंय.” त्यानंतरही ती दरवर्षी कोलू मांडायची. फोनवर विचारलं की म्हणायची, “झालं की छान.” कोण आलं होतं, हे मी कधी विचारलं नाही...

या खेपेला, अक्का गेल्यावर मी पोचले तेव्हा, सक्कूबाई आपण होऊन आत आल्या, अक्काच्या रिकाम्या खाटेशी उभ्या राहिल्या.

“शेवटची आंघोळ कुणी घातली?” मी विचारलं.

“मीच. बाकीच्या तिण्णैवरच थांबल्या, दाराबाहेरच्या ओट्यावर.” त्या आपल्या तळव्यांकडे बघत राहिल्या. “हात धरले त्यांचे. किती मऊ होते हो... इतकी वर्षं मला वाटलं होतं, चिघळलेलेच असतील...”

त्या खाटेच्या काठावर बसल्या.