गाडीखालची कोरडी जमीन

आप्पा आमच्या शेठची गाडी चालवायचा, पण त्या गाडीतल्या एसीत तो एकटा कधी बसला नाही. शेठ आठवड्यातून एकदोनदा मुंबईहून रेल्वेने यायचे आणि आप्पा त्यांना स्टेशनवरून राखोलीच्या आमच्या कारखान्यात आणायचा. ते वर ऑफिसात गेले की आप्पा एसी बंद करून काचा खाली करायचा. गाडीखालच्या एसीच्या नळीतून उरलंसुरलं पाणी थोडा वेळ टपकत राही. ते थांबलं की तो गाडी जराशी पुढे घेऊन कोरड्या मातीवर लावायचा आणि गेटजवळच्या बाकावर टोपीने वारा घेत बसायचा.

यामागे शेठचा नियम होता. निघताना ते वाकून गाडीखाली बघत. माती ओली दिसली, म्हणजे ड्रायव्हरने आपल्यामागे एसी लावून झोप काढली. आप्पाच्या आधीचा ड्रायव्हर असाच कामावरून गेला होता.

मी तिथे स्टोअरकीपर होतो, रत्नागिरीहून नवाच आलेला. मेच्या उन्हात मी आप्पाला म्हणायचो, "आप्पा, बसा की आत घटकाभर. कोण बघतंय?"

"जमीन बघते ना, भाऊ," तो म्हणायचा. "आणि एसीत आमचे गुडघे धरतात. ते तुमच्यासारख्या नाजूक लोकांचं काम."

आप्पा शिरपूरकडचा. जवळच्याच आमलीत एका खोलीत राहायचा, घरचे सगळे गावी. गाडी लावल्यावर एकदा मी त्याला उकिडवा बसून नळीखाली ओंजळ धरताना पाहिलं. ते गार पाणी तो तोंडावर, मानेवर फिरवत होता. मला बघून जरा लाजला. "हे चालतं भाऊ. हे गाडीनं टाकून दिलेलं."

एका दुपारी वीज गेली होती आणि पॅकिंगमधल्या जमनीबेन खोक्यांजवळच कोसळल्या. अंग तापलेलं, डोळे अर्धवट मिटलेले. बायका ओरडायला लागल्या. आप्पा बाकावरून उठला, गाडीचं मागचं दार उघडलं आणि मला म्हणाला, "धरा पाय." आम्ही त्यांना सीटवर झोपवलं. आप्पाने एसी चालू केला.

"आप्पा, शेठ?" मी विचारलं. शेठ वर पाहुण्यांबरोबर बसले होते.

"खाली आले की सांगतो ना. चोरी थोडीच करतोय."

जमनीबेन शुद्धीवर आल्या, पाणी प्यायल्या आणि पहिलं काय म्हणाल्या, तर "सीट खराब नाही ना झाली?" आप्पा हसला. एसी बंद करून तो आणि दोन बायका त्यांना धरून हळूहळू आतल्या खोलीकडे घेऊन गेले.

मी गाडीजवळ एकटाच राहिलो. खाली मातीत ताटाएवढा ओला डाग पडला होता आणि नळी अजून टपकत होती. मला फक्त एवढंच दिसत होतं की आप्पाची नोकरी जाईल. नळाजवळ बादली होती. मी ती भरून गाडीभोवती ओतली, मग आणखी एक. सगळीच माती ओली झाली, तर गाडी धुतली असं वाटेल, असा माझा हिशेब.

शेठ खाली आले तेव्हा आप्पा नुकताच परतला होता. शेठनी दार उघडलं. आतला गारवा अजून गेला नव्हता. मग त्यांनी खालचा चिखल आणि बाजूला राहिलेली बादली पाहिली.

"अंदर ठंडा, और नीचे बालटी?"

मी लगेच सगळं सांगितलं. जमनीबेन, एसी, पाणी मीच ओतलं. शेठनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "तू इसको बचा रहा है, चुप रह." मग ते आप्पाला म्हणाले, "बता देता तो मैं क्या खा जाता तुझे? छुपाया क्यों?"

आप्पाने चिखलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागाने नाही. बादलीकडे बघावं तसं. "एसी चालू होता, शेठ," एवढंच म्हणाला आणि चावी त्यांच्या हातात दिली. त्या दिवशी शेठ स्वतः गाडी चालवत गेले.

दोन दिवसांनी शिरपूरकडे जाणाऱ्या एसटीत त्याला बसवायला मी गेलो होतो. खिडकीखाली उभा राहून म्हणालो, "आप्पा, तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

"तुम्हीच घेतलं की. काय फरक पडला?" त्याने पिशवी मांडीवर घेतली. "नुसते एसीचे थेंब असते ना भाऊ, तर मला सांगता आलं असतं. बादलीचं मी काय सांगणार?"

गाडी सुटली. नंतर तो कुठे लागला, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही कोणाला.

आता माझीही एसी गाडी आहे, ड्रायव्हर आहे. त्याला मी बजावलंय, मी कुठे कामाला उतरून गेलो तरी एसी लावून बसायचं. परत येतो तेव्हा गाडीखाली पाण्याचा ओघळ लागलेला असतो. ते बघून बरं वाटेल, असं मला वाटलं होतं. काहीच वाटत नाही. मी वाकतो, ओली जमीन बघतो, आणि त्यात पाय पडणार नाही अशा बेताने गाडीत चढतो.