चोच्यासाठी दिवा

तार आली तेव्हा मी धुळ्याला शाळेत, फळ्यावर तांब्याचं चित्र काढत होतो. वहिनी गेली होती. दुपारची गाडी पकडली, चाळीसगावला बदलली, भुसावळला बदलली. पण रावेरला उतरून गावात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. भाऊ, म्हणजे माझे थोरले बंधू, ओट्यावर बसले होते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "मास्तर आले." बस, एवढंच. आमच्या घरात पुरुषांनी यापेक्षा जास्त बोलायची पद्धत नाही. घरातलं सगळं बोलणं वहिनीकडे असायचं. ते आता कोण करणार, हा विचार मला त्या ओट्यावरच आला आणि तेव्हा कुठे रडू फुटलं.

देश स्वतंत्र झाला त्या साली ती लग्न होऊन आमच्या घरी आली. गळ्यात तुळशीची माळ घालूनच आली. माळ तिच्या वडिलांनी घातलेली. माशा-मटणाला शिवायचं नाही, जीव मारायचा नाही, हा तिचा नेम. तसं आमचं घर केळीकापसातलं, मांसमच्छी आमच्याकडेही शिजत नसे. पण वहिनीचा नेम त्याच्या पलीकडचा होता. झाडू मारताना मुंग्यांची रांग आली की ही बाई रांग संपेपर्यंत झाडू हातात धरून उभी. मी म्हणायचो, "वहिनी, त्यांना दुसरी वाट दाखवा की." ती म्हणायची, "त्यायची वाट त्यायले माहीत हाये. तुमची पाहा." अशा घरात मी मासा आणला, यावरून माझी अक्कल ओळखावी.

मला तेव्हा नुकतीच धुळ्याची नोकरी लागली होती आणि चित्रकलेचं खूळ डोक्यात भरलं होतं. उन्हाळा होता. ओढ्याचा डोह आटून गुडघाभर उरला होता आणि त्यात लांब चोचीचे दोन मासे अडकले होते. वीतभराहून मोठे, सळसळीत, हिरवट रुपेरी. चोच दाभणासारखी आणि तिच्यात बारीक दातांच्या रांगा. म्हटलं, पाऊस पडेपर्यंत घरी ठेवू, चित्रं काढू, मग सोडून देऊ. मागच्या पडवीत छपराखाली जुना दगडी हौद होता, त्यात सोडले. वहिनी पदर सावरत पाहायला आली, चोच पाहून हसली आणि तिथेच नाव ठेवलं, "चोच्या." दोघांनाही तेच नाव.

दुसऱ्या दिवशी तिने त्यांना वरणभात वाढला! मासा काय खातो हे मला तरी कुठे ठाऊक होतं? त्यांनी शिवलंही नाही. मग पोळीचा कुस्करा झाला, भिजवलेली डाळ झाली, एकादशीला भगरही झाली. पाणी नासलं, मासे उपाशीच. तशात एका संध्याकाळी भाऊ शेतातून आले, त्यांनी धाडकन पडवीचं दार उघडून कंदील आत आणला आणि एक मासा बिचकून जो सुटला तो थेट दगडी भिंतीवर. चोच मोडली. सकाळी तो पाण्यावर उलटा तरंगत होता. वहिनीने डोक्यावरून अंघोळ केली आणि त्या दिवशी ती जेवली नाही. भाऊ चिडून म्हणाले, "माशाचं सुतक पाळते का आता?" पण दार मात्र त्यानंतर त्यांनी कधी आपटलं नाही.

उरलेल्यासाठी मग तिने एकेक करत सगळं बदललं. केळीच्या खोडाची हिरवी सोपटं हौदाच्या भिंतींना आतून उभी लावली, म्हणजे आदळला तरी मऊ लागेल. ती कुजायच्या आत दर दोन दिवसांनी बदलायची. मासा उडी मारून बाहेर पडू नये म्हणून मोडक्या खाटेची दोऱ्यांची वीण हौदावर ताणून बांधली. पडवीत बादली आपटायची नाही, मोठ्याने हाक मारायची नाही. राहिला प्रश्न खाण्याचा. गावातल्या मासे धरणाऱ्या भोयाला विचारून मी सांगितलं, की हा हलतं, जिवंत तेवढंच खातो. बारके मासे, पाण्यावर पडलेले किडे. वहिनीने गळ्यातली माळ मुठीत धरली.

"भाऊजी, हे काय आणून ठेवलं तुम्ही? याले उपाशी मारलं तरी पाप, खाऊ घातलं तरी पाप. माळ काढून ठेऊ का मी?"

मी म्हटलं, आत्ता डोहात नेऊन सोडतो. डोह पाहायला गेलो तर तिथे भेगा पडलेला चिखल. परत आलो, तो संध्याकाळ झाली होती. वहिनी कंदील घेऊन पडवीच्या दाराशी उभी होती. काचेभोवती हात धरून उजेड झाकलेला. आत शिरण्याआधी हळूच म्हणाली, "मी हाये रे... मीच हाये." मग एकेक पाऊल टाकत गेली, हौदावरच्या खुंटीला कंदील टांगला आणि सावकाश हात काढला. थोड्या वेळात उजेडावर पाखरं आली. काचेवर आपटून एकेक करत विणीतून खाली पाण्यावर पडू लागली. चोच्या काठीसारखा स्थिर होता. एकदम चोच तिरपी करून त्याने एक उचललं. मग दुसरं.

मी हसत म्हटलं, "वहिनी, माळेचं काय?"

"मी त कोणाले मारत नही. मी दिवा लावते. देवापुढेही लावते, तिथेही पाखरू पडतंच."

असं म्हणाली खरी, पण रोज दिवा टांगल्यावर ती हात जोडायची. कोणाला, माशाला की पाखरांना, ते मी विचारलं नाही.

पाऊस पडला, ओढा वाहिला, पण चोच्या काही गेला नाही. मी धुळ्याहून सुट्टीला आलो की ती म्हणायची, "पुढच्या पावसात सोडू." थंडीत पाखरं कमी व्हायची. तेव्हा हौदात मधूनच दुसऱ्या माशांची बारकी पिलं फिरताना दिसायची. वहिनी म्हणायची, "पाण्यासंगं आली असतील बापा," आणि तोंड फिरवून कामाला लागायची. ती पिलं भाऊ पाटाच्या पाण्यातून बादलीत घालून आणत, हे मला दिसत होतं, तर तिला दिसत नसेल? दोघांनीही त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. त्यांचा संसार असाच होता. गेल्या दिवाळीला मी निघताना ती अंथरुणाला खिळली होती. मला म्हणाली, "मी गेल्यावर हे काही दिवा लावणार नहीत. तुम्ही त धुळ्याले. तो उपाशी मरीन." मी काहीतरी थातुरमातुर बोललो. तिचं समाधान झालं नाही, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

आणि झालंही तसंच. जिथे तिने प्राण सोडला तिथे समई तेवत होती, बायका तिच्यात तेल घालत होत्या, पडवीत मात्र अंधार. सोपटं काळी पडली होती. चोच्या कोपऱ्यात, खंगलेला. धुळ्याला परतण्याच्या आदल्या संध्याकाळी मी कंदील शोधू लागलो, तो खुंटीवर नव्हता. इतक्यात पडवीच्या दाराशी कोणीतरी थांबलं. भाऊ होते. काखेत हिरवी सोपटं, हातात पेटवलेला कंदील आणि काचेभोवती आपला राकट पंजा. त्यांनी मला पाहिलं नाही. उंबऱ्यातच उभे राहिले. घसा खाकरणार होते, पण थांबले. ज्या माणसाने उभ्या जन्मात बायकोला कधी हळू आवाजात हाक मारली नाही, तो अंधारात अगदी हळू म्हणाला...

"मी हाये रे... तिचा माणूस."