चावी कोणाच्या खिशात?

साकोलीच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली. बाबांनी खिडकीतून चिवड्याची पिशवी दिली आणि म्हणाले, "मशीनपासून दूरच राहजो, बाई." मी तर रोबो चालवायला अन् दुरुस्त करायला शिकायला निघाले होते! आई हसली, मीही हसले. बाबा हसले नाहीत. गाडी हलली तसा त्यांनी उजवा हात वर केला, तीन बोटांचा.

त्या हाताचं मला कधी काही वाटलं नव्हतं. मी लहान असताना धानाच्या चुरणीत, ऐन मळणीत, लाईट गेली, थ्रेशर थांबलं. अडकलेलं तणीस, म्हणजे पेंढा, काढायला बाबांनी आत हात घातला आणि लाईट आली. गाव म्हणायचं, "लाईट आली ना, मंग कोण काय करन?" मीही तेच म्हणायचे.

पुण्याजवळच्या कारखान्यात दुसऱ्याच आठवड्यात वेल्डिंगचा रोबो उभा दिसला, खाली एक तुकडा पडलेला. म्हटलं, बंदच तर आहे. कन्व्हेयरच्या बाजूने वाकून आत शिरणार, तोच आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी मागून कॉलर धरून ओढलं. "अगं, बंद नाहीये तो! पुढच्या पत्र्याची वाट बघतोय!" पत्रा आला आणि माझं डोकं असतं तिथूनच तो लोखंडी हात सप्पकन गेला.

मग सरांनी एक लाल कुलूप दिलं. त्यावर माझं नाव, चावी एकच. आत जायचं तर मेन स्विच पाडायचा, त्याला कुलूप घालायचं, चावी आपल्या खिशात. मालक आला तरी मशीन सुरू होत नाही. बस्स? एवढंच? आमच्या कोठीला लावतो तसलं कुलूप! त्या दिवशी डब्यातला घास घशाखाली उतरेना. राग कोणावर काढू तेच कळेना.

आता मी टीच पेंडंट, म्हणजे रोबोचा मोठा रिमोट, हातात घेऊन रोबोला वेल्डिंगची वाट एकेक बिंदू करत शिकवते, त्याचं ग्रीस, केबली बघते. मागच्या चुरणीला तसलंच लाल कुलूप घेऊन गावी गेले, स्विचच्या पेटीला कडी बसवून घेतली. बाबा म्हणाले, "बंद मशीनले कुलूप कायले? चोर नेते का तिले?"

दुपारी लाईट गेली. थ्रेशरमध्ये तणीस अडकलेलं. बाबा सवयीने निघाले, मी आडवी उभी राहिले. कुरकुरत त्यांनी स्विच पाडला, कुलूप घातलं, चावी बंडीच्या खिशात टाकली. कोपरापर्यंत हात आत गेला आणि शेजारच्या घरातला टीव्ही एकदम ओरडायला लागला. लाईट आली होती! थ्रेशर गप्प.

बाबांनी हळूच हात बाहेर काढला आणि किती तरी वेळ त्या तीन बोटांकडे बघत राहिले.

"येवढंच होतं काय वं?"

माझ्यासारख्या गावाबाहेर पडलेल्यांनो, घरी मिठाई नेता, एक कुलूपही न्या. चुरणीच्या दिवसांत मी कॅन्टीनमधून रोज फोन करते. आई विचारते, जेवलीस का. मी विचारते, चावी कोणाच्या खिशात? मागून बाबांचा आवाज येतो, "माह्याच खिशात हाये. जेव तू."

मग मी जेवते.