मावशीची खाजकुयली

बहात्तरच्या दुष्काळात राजूरजवळ रस्त्याच्या कामावर मी ज्या बाईशेजारी खडी फोडायला बसायचे, तिला सगळे मावशीच म्हणायचे. तिच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालायचा. हातोडा बोटावर बसला की ती दगडाच्या आईचा उद्धार करायची. पाऊस न पाडणाऱ्या देवाला मुडद्या म्हणायची आणि मग घाईघाईनं त्यालाच हात जोडायची.

आमचा मुकादम बायांच्या डोक्यावर पाटी देताना मुद्दाम अंगचटीला यायचा. तक्रार केली की कामावरून काढायचा, म्हणून सगळ्या गप्प. एकदा त्यानं माझा दंड धरला. मावशीनं पाहिलं, पण शिवी दिली नाही. मला नवलच वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं ओढ्याकाठच्या वेलावरच्या खाजकुयलीच्या शेंगा पळसाच्या पानात गुंडाळून आणल्या. मुकादम पाणी प्यायला गेला, तेव्हा शेंगांची कुसं त्याच्या टॉवेलवर झटकली. त्यानं येऊन मान पुसली, पाठ पुसली आणि थोड्याच वेळात सदरा फेकून तो गाढवासारखा मातीत लोळायला लागला. बाया तोंडात पदर कोंबून हसत होत्या.

"शेनानं उतरतं," म्हणत मावशीनं बैलगाडीमागचं शेण उचललं आणि त्याच्या पाठीला, तोंडाला, मिशांनाही सढळ हातानं थापलं.

"लई उपकार झाले, मावशी," तो कळवळून म्हणाला.

"ही खाज उतरंल रं," मावशी म्हणाली. "बायांना हात लावायची खाज परत उठली, तर मला सांग. वेलाला शेंगा लई हायेत."