आडवा फिल्टर

माझ्या सासऱ्यांची गाडी सकाळी चालू होताना जो आवाज करायची, तो पत्र्याच्या डब्यात मूठभर खिळे टाकून कुणी हलवावा तसा होता. चार-पाच सेकंद खडखडाट, आणि मग एकदम शहाण्यासारखी चालायला लागायची. सोनईतल्या त्यांच्या गल्लीत बायका त्या आवाजावर दूध तापायला ठेवायच्या, असं मी सगळीकडे सांगतो. बायको म्हणते, ही थाप आहे. थाप असेल, पण दूध त्याच वेळी तापत होतं हे खरं.

गाडी पंचवीस वर्षांची, डिझेलवरची. सासरे पंच्याहत्तरीचे. त्यांना मी मामा म्हणतो. मेहुण्यानं वर्षभर तो खडखडाट ऐकून निकाल दिला होता की इंजिन संपलं. रविवारी भंगारवाला येणार होता. दुसरी गाडी घ्यायची नाही आणि मामांनी आता चालवणं बंद करायचं, हेही त्यातच ठरलं होतं. पण मामींचे गुडघे गेलेले, मोटारसायकलवर त्यांना बसता येत नाही. दर सोमवारी त्यांना शेजारी बसवून मळ्यात जायचं, बांधावर डबा खायचा आणि परत यायचं, एवढंच मामांचं त्या गाडीतलं राज्य उरलं होतं. ते रविवारी बुडणार होतं.

"इंजिनाला पाना लागलेला न्हाई," ते मला म्हणाले. "कंपनीतनं आलं तसं हाय. असं कसं संपंल?"

हे वाक्य मी लग्नाच्या बोलणीतसुद्धा ऐकलं होतं. मुलीचं शिक्षण, मुलीचा स्वभाव आणि लगेच इंजिन.

मी गुरुवारी पोचलो होतो. म्हटलं, निदान तेल आणि फिल्टर तरी बदलून बघू. मेहुणा हसला. "दाजी, मढ्याला उटणं लावताय."

उटणं तर उटणं. मी जुनं बनियन घालून गाडीखाली शिरलो. मला यातलं फार कळतं असं नाही, पण प्रेक्षक असले की माझ्या अंगात येतं. इंजिनाच्या कुशीतून आडवा बाहेर आलेला फिल्टर मी पिळून काढला, निम्मं तेल छातीवर घेतलं, आणि तो जुना नग वर्तमानपत्रात गुंडाळून मामा आणि मी एसटीनं श्रीरामपूरला निघालो. मामांनी तो मांडीवर असा धरला होता, की शेजारच्या बाईंनी विचारलं, "परसाद हाय का?"

स्पेअर पार्टच्या दुकानात गल्ल्यावर एक ताई होत्या. चष्मा डोक्यावर, पेन्सिल कानावर.

"कुठली गाडी?"

मामांनी छाती काढून गाडीचं नाव सांगितलं. ताईंनी मागं न बघता फळीवरून खोका काढला. जुना आणि नवा फिल्टर शेजारी ठेवले. आटे तेच, उंची तीच, रबराची रिंग तीच.

"घ्या. सेम टू सेम."

तिथंच सगळं संपलं असतं. पण मला गप्प बसता येत नाही. "ताई, सकाळी चालू करताना चार-पाच सेकंद खडखड वाजतं. ते थांबेल ना यानं?"

"दिवसभर वाजतं?"

"नाही. रात्रभर उभी राहिली की सकाळीच."

ताईंनी जुना फिल्टर उलटा केला आणि त्याच्या एका भोकात पेन्सिलीचं टोक घातलं. "याला पडदा नाही."

मी गावच्या जत्रेत नाटकं केलेला माणूस. पडदा म्हटलं की माझे कान टवकारतात.

"रबराचा पडदा असतो आत," त्या म्हणाल्या. "इंजिन बंद झालं तरी तेल खाली उतरू देत नाही. उतरलं, तर सकाळी तेल वर पोचेपर्यंत इंजिन कोरडं वाजतं. पण तुमच्या गाडीत फिल्टर तोंड वर करून बसतो, वाटीसारखा. त्यातलं तेल सांडणार कसं? म्हणून याला पडदा लागतच नाही."

"आमचा आडवा बसतो."

"या गाडीत आडवा? नाही हो."

"ताई, माझं बनियन गेलंय त्यात. आडवाच."

आम्ही दोघांनी मामांकडे बघितलं. मामा पंख्याकडे बघत होते.

"काका, आरसी बुक आहे का? इंजिनाची नोंद बघू."

"घरी ऱ्हायलं," मामा म्हणाले. ते बुक ते जन्मात कुणाच्या हातात देत नाहीत. आत्ताही त्याचं प्लॅस्टिकचं पाकीट बंडीच्या खिशातून डोकं वर काढून बघत होतं. मामांनी त्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "पाव्हणं, तुमी समोर रस घ्या. म्या आलोच."

मी बाहेर गेलो. म्हणजे टांगलेल्या फॅनबेल्टांच्या पलीकडे गेलो. तिथून ऐकू छान येत होतं.

"ताई, इंजिन बदललंय. जीपचं हाय."

"मग तसं सांगायचं की! कधी बदललं?"

"लई वर्सं झाली. खर्ड्याला लग्नाला गेल्तो. येताना तेलाचा लाल दिवा लागला. मंडळी म्हनली, 'अवो, हे काय पेटलंय?' म्या म्हनलं, 'लाल दिव्याची गाडी हाय आपली. कलेक्टरीनबाई हायेस तू, गप बस.' पाच मैलावर इंजिन जाम. तिला यष्टीत बसवलं आन् सांगितलं, क्लचची वायर तुटली."

"आणि अजून सांगितलं नाही?"

"आता कसं सांगनार?"

"मग इतकी वर्षं फिल्टर?"

"जुना नग दावून घ्यायचो. गेल्या साली माजा गुडघा धरला, तवा पोरानं गाडीचं नाव सांगून आनला."

आणि तो फिल्टर त्या इंजिनावर बसला. आपल्याकडे एकदा 'बसला' म्हटलं की पुढं कोण विचारतो?

ताईंनी जीपच्या इंजिनाचा फिल्टर काढला. बाहेरून तसाच, पण भोकांच्या आत काळं रबर दिसत होतं. मामांनी ते करंगळीनं दाबून पाहिलं. मी रस न पिताच तोंड पुसत आत गेलो.

संध्याकाळी मी रिंगेला तेल लावून फिल्टर हातानं घट्ट केला, नवं तेल भरलं. सकाळी मामांनी किल्ली फिरवली. गाडी नुसती चालू झाली. खिळा नाही, डबा नाही. मेहुणा तोंडात ब्रश घेऊन अंगणात आला आणि तसाच उभा राहिला.

मग त्यानं चूळ भरली आणि फोन काढला. पोरगं भलं आहे. "दाजी, मानलं. कुठला फिल्टर? खोक्याचा फोटो घेतो. पण यावर तर जीपचं नाव आहे! दुकानदारानं चुकीचा दिला का? पुढच्या वेळी मीच जाऊन आपल्या गाडीचा आणतो."

मी मामांकडे बघितलं आणि बोललो नाही. माझ्या आयुष्यात हे क्वचित घडतं. 'व्हय, आन' एवढं म्हणाले असते तर मामांची अब्रू राहिली असती आणि पुढच्या वर्षी भंगारवाला पुन्हा आला असता.

मामी पायरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. मामांनी त्यांच्याकडे न बघता सांगितलं, "चुकीचा न्हाई. इंजिन जीपचं हाय."

मेथी थांबली. "कवापासून?"

"खर्ड्याच्या लग्नापासून."

"तरीच," मामी म्हणाल्या. "जाताना गाडी गुरगुरत गेल्ती, आन् आठ दिसांनी आली ती खोकत आली. म्या म्हनलं, ग्यारेजात सर्दी झाली आसंल." मग त्यांनी पुढची जुडी ओढली. "तेल संपलं हुतं ना?"

"व्हय."

"आन् म्या दावलं हुतं."

"व्हय."

मेहुणा हसू आवरत फाटकाबाहेर गेला आणि तिथून त्यानं भंगारवाल्याला नाही म्हणून कळवलं.

मामींनी एक अट घातली. आता सोमवारी निघायच्या आधी बॉनेट उघडायचं. त्या तेल बघायची पट्टी स्वतः ओढतात, लुगड्याच्या चिंधीनं पुसतात, परत बुडवून वर काढतात आणि चष्मा लावून उन्हात धरतात. मामा तोवर किल्ली हातात घेऊन शेजारी उभे राहतात. तेल खुणेपर्यंत नीट असलं की मामी पट्टी जागेवर घालतात आणि म्हणतात, "चला, बसा."