इंटरकॉमवर कोण बोललं?

आधीच सांगून टाकते — मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. अमावास्येला खुशाल विहिरीवर जाणारी, रिकाम्या घरात एकटी राहणारी आणि अंगात येणाऱ्या बायकांना 'बस, आधी चहा घे' म्हणणारी मी आहे. या सदरातले अनुभव वाचून मी कितीदा तरी हसले आहे. तेव्हा माझाही अनुभव कुणी हसत वाचला तर तक्रार नाही.

निमित्त नातवाचं. तो पुण्यात एका स्टार्टअपमध्ये लागलाय. परवा मोठ्या कौतुकानं सांगत होता, "आजी, आमच्याकडे कुणी सर नाही, मॅडम नाही. सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात. वी आर अ फॅमिली." रविवारीसुद्धा कामावर असतो. मी म्हटलं, बाबा रे, ही फॅमिली मी बहात्तर सालीच बघून बसले आहे... केडगावात, पत्र्याच्या शेडमध्ये.

नगरहून पुण्याकडे निघालं की केडगाव लागतं. तिथं रस्त्यालगत एक पिठाची गिरणी होती आणि तिच्या मागं आमचं शेड. माझा थोरला भाऊ वसंत, म्हणजे आमचा दादा, आणि त्याचा कॉलेजातला मित्र सुधाकर, या दोघांनी मिळून तिथं इंटरकॉम बनवायला घेतले. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बोलायचे डबे. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. तेव्हा दवाखान्यांना, कारखान्यांना त्याचं फार अप्रूप. सर्किट दादाचं, डोकं दादाचं, सोल्डरिंगनं भाजलेली बोटंही दादाची. सुधाकरकडे वडिलांचं शेड होतं, स्कूटर होती आणि बोलण्याची हातोटी होती.

"मला नुसतं सुधाकर म्हणा, इथं कुणी साहेब नाही," असं तो प्रत्येकाला सांगायचा. दुपारी सगळ्यांचे डबे एकाच सतरंजीवर उघडायचे. पण कुणी सुट्टी मागितली की याचा चेहरा पडायचा. "आपल्याच घरातून सुट्टी मागतेस, शालन?" मला म्हणायचा. साहेब नसलेल्या त्या शेडात केबिन मात्र एक होती, आणि ती त्याची होती.

आता आमची माल तपासायची पद्धत सांगते, कारण सगळं तिथंच घडलं. इतरांच्या सेटमधून माणसाचा आवाज पत्र्याच्या पिंपात बसून बोलल्यासारखा यायचा, सगळे सारखेच वाटायचे. दादाला ते खपायचं नाही. तो म्हणायचा, "शब्द काय, कुणालाही ऐकू येतील. माणूस ओळखू आला पाहिजे." म्हणून प्रत्येक तयार सेटवर आतून कुणीतरी बोलायचं आणि बाहेर मी नुसतं ऐकून सांगायचं — कोण बोललं. कधी गिरणीवाला, कधी एखादी दळण घेऊन आलेली बाई, कधी रस्त्यानं जाणारा सायकलवाला, सगळे गावातलेच, ओळखीचे. नाव चुकलं की तो सेट परत खोलायचा, मग कितीही घाई असो. माझं कामच ते होतं. माझा कान चांगला, असं दादा सगळ्यांना अभिमानानं सांगायचा.

कंपनी नोंदवायची वेळ आली तेव्हा ती सुधाकरच्या एकट्याच्या नावावर झाली. दादानं विचारलं तर म्हणाला, "अरे, कागदावरच आहे ते, घरात कसला हिशेब?" दादा भोळा, पण इतकाही नाही. दोघांत खडाजंगी झाली आणि दादा शेड सोडून खर्ड्याला मामाकडे गेला. तिथं रेडिओदुरुस्ती करत होता. काही महिन्यांतच कावीळ झाली आणि तीत तो गेला. शेवटी शेवटी आवाज इतका खोल गेला होता की उशाशी कान नेल्याशिवाय कळायचं नाही.

सुधाकर भेटायला आला. आईसमोर बसून म्हणाला, "माझ्याकडे खूप शिकला बिचारा." त्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, जायचाही नाही.

तरी मी तिथंच कामाला जात राहिले. घरात कमावतं दुसरं कोण होतं? सुधाकरही मला सोडत नव्हता. दादाची ती पद्धत आता तो गिऱ्हाइकांना जादूगारासारखी दाखवायचा — आमची मुलगी आवाजावरून माणूस ओळखते, बघा आमच्या मालाची क्वालिटी.

असंच एका दुपारी पुणतांब्याकडच्या एका साखर कारखान्याची माणसं सेट बघायला आली. मोठी ऑर्डर होती. मी बाहेर टेबलाशी बसले, पाहुणे माझ्याभोवती खुर्च्यांवर. पलीकडे कॉइल गुंडाळायच्या यंत्रावर हिराबाई, केडगावातल्याच, दादाच्या वेळेपासूनच्या. सुधाकर आत केबिनमध्ये गेला, दार लावून घेतलं. आत तो एकटाच होता.

सेटमधून आधी बारीक खाकरल्याचा आवाज आला. बोलण्याआधी असं खाकरायचा तो दादा, सुधाकर कधीच नाही. आणि मग दादा बोलला —

"नमस्कार मंडळी. हा इंटरकॉम मी एकट्यानं तयार केलाय. पहिल्या तारेपासून शेवटच्या स्क्रूपर्यंत, सगळं माझ्या हातचं आहे."

शब्द सुधाकरचे होते. प्रत्येक पाहुण्याला तो हेच ऐकवायचा, मला पाठ होते. पण आवाज दादाचा. आजारातला नव्हे, त्याच्या आधीचा, भरलेला. हिराबाईंचं यंत्र थांबलं.

पाहुण्यांतले वयस्कर गृहस्थ हसून म्हणाले, "सांगा बाई, कोन बोलतंय?"

मी म्हणाले, "वसंत. माझा भाऊ."

ते उठले आणि त्यांनी केबिनचं दार उघडलं. आत सुधाकर, बोट बटणावर. माझं उत्तर त्याला बंद दारातूनही ऐकू गेलं असावं, कारण तो वैतागून म्हणाला, "अगं शालन, काय बोलतेस?" बटण अजून दाबलेलंच होतं. उघड्या दारातून सुधाकरचा आवाज आला, आणि त्याच क्षणी माझ्यासमोरच्या सेटमधून दादाचा — "अगं शालन, काय बोलतेस?"

दार उघडं असलं की बाहेरचा आवाज परत आत शिरून आमचे सेट शिट्टी मारायचे. त्या दिवशी तीही नाही. नंतर ते गृहस्थ स्वतः आत जाऊन बोलले, तर त्यांचा आवाज अगदी त्यांचाच आला.

"मशीनमधून तुमचा आवाज जरा बदलतोय," ते सुधाकरला म्हणाले, "पर बोलनं लई स्वच्छ हाय. आमाला चालंल."

त्यांनी दादाला कधी पाहिलंच नव्हतं, त्यांना काय कळणार? ऑर्डर पक्की झाली. आमच्या नियमानं जो सेट खोलायला हवा होता, तो तसाच पॅक झाला. पाहुणे गेल्यावर सुधाकर मला म्हणाला, "दुःखानं तुझा कान गेलाय. उद्यापासून येऊ नकोस." इतकं सांगून झाल्यावर वर म्हणतो, "घरच्यासारखी आहेस म्हणून स्पष्ट बोलतोय."

हिराबाई माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "पोरी, मीबी ऐकलं. वसंतदादाच हुता त्यो. पर मी आत जाऊन काय सांगू? मला कामावं यायचंय उद्या." मी त्यांना दोष दिला नाही, आजही देत नाही.

पुढं मी पुष्कळांना विचारलं. रेडिओ दुरुस्त करणारे म्हणाले, स्पीकर खराब असेल. स्पीकर खराब असला तर आवाज फाटेल, बसेल... मेलेल्या माणसाचा कसा होईल? डॉक्टर म्हणाले, मनाचे खेळ. मग हिराबाईंच्या कानांचं काय? तो सेट कारखान्यात गेला, पुढं त्याचं काय झालं ते कळलं नाही. सुधाकरची कंपनी मोठी झाली, सुपे रस्त्याला त्यानं बंगला बांधला. एवढ्या वर्षांत मला याचा अर्थ लागलेला नाही. दादा खरंच आला असेल, तर त्यानं सुधाकरची ऑर्डर तरी का मिळवून द्यावी? का त्याला फक्त ते एक वाक्य स्वतःच्या तोंडानं बोलायचं होतं? माहीत नाही.

त्या संध्याकाळी घरी आले आणि आईला सगळं सांगितलं, नोकरी गेल्याचंही. ती ज्वारी निवडत होती, सूप बाजूला ठेवलं.

"आवाज कसा हुता गं त्याचा? खोल गेल्याला?"

"नाही गं. चांगला खणखणीत होता."

मग तिनं विचारलं, "तुला हाक मारली का त्यानं?"

हाक सुधाकरनं मारली होती, तीही वैतागून. मी म्हणाले, "हो आई. माझं नाव घेतलं."

तिनं डोळे पुसले आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं. त्यानंतर ती स्वतः जाईपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगत राहिली — आमचा वसंत जाऊनसुद्धा बहिणीला विसरला नाही. आणि मी शेजारी बसून दर वेळी होकारार्थी मान हलवत राहिले.