तिसऱ्या घराचं पान

नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या मंजूषाने डच पासपोर्ट घेतला तेव्हा साताऱ्यात तिच्या वडिलांनी, आबांनी, दोन दिवस अबोला धरला. सुभेदाराची लेक, आणि भारताचा पासपोर्ट परत करते! तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन. "आता तुला पलीकडे जाता येईल का गं?"

पलीकडे म्हणजे कारगिलसमोर, पाकिस्तानच्या ताब्यातल्या खोऱ्यात. अठ्ठ्याण्णव साली आबा डोंगरावरून दुर्बिणीने बघून तोफांना नेम सांगायचे. नदीकाठच्या तिसऱ्या घरातली बाई रोज सकाळी छपरावर जर्दाळू वाळत घालायची. एक गोळा भरकटला आणि त्या घरावर पडला. पुढे त्या चुलीचा धूर काही त्यांना दिसला नाही. तेव्हापासून दर सर्वपित्रीला आबा एक पान जास्त मांडत. कुणाचं, ते घरात कुणाला सांगितलं नव्हतं. फोनवर मंजूषाला पहिल्यांदा सांगितलं.

मंजूषाचं संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कंपनीतलं काम तपासणीचं. अर्धवट निकालावर सही करणं तिच्या स्वभावातच नाही. सात महिने व्हिसाच्या मागे लागून ती स्कार्डूला पोचली. पुढच्या चौकीवर अधिकाऱ्याने पासपोर्ट उलटसुलट केला आणि जन्मस्थानावर बोट ठेवलं: सातारा. चहा पाजला, बिस्किटं दिली आणि परत पाठवलं. पासपोर्ट बदलला म्हणून जन्मगाव थोडंच बदलतं!

परतीच्या वाटेवर तिने ड्रायव्हरला सगळं खरं सांगून टाकलं. तो त्याच खोऱ्यातला. गाडी बाजूला घेऊन त्याने गावात फोन लावला.

आबा उन्हाळ्यापुरते नायमेखनला आले होते. ती घरी पोचली तेव्हा ते खिडकीशी बसून होते, समोरचा नाश्ता तसाच.

"घर पडलं, आबा. पण माणसं आधीच गुहेत गेली होती. त्या बाई गेल्या वर्षी वारल्या. म्हातारपणाने."

आबा आधी हसलेच. "म्हणजे इतकी वर्षं मी जित्या बाईचं पान मांडत होतो!" हसता हसता त्यांना रडू फुटलं. मंजूषाने वडिलांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. तिचाही बांध फुटला.

थोड्या वेळाने डोळे पुसून आबा म्हणाले, "यंदा मात्र मांडायलाच पाहिजे. नाव काय त्यांचं?"

मंजूषा ओशाळली. इतक्या लांब जाऊन तेवढंच विचारायचं राहिलं होतं. तिने ड्रायव्हरला मेसेज टाकला. उत्तर आलं, ते आबांनी तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं.

झैनब.